वाती आणि कुंभार

"मडकं दिसलं की कुंभार असणारच ना? मग एवढं मोठं जग काय आपोआप झालं?" बाबांनी चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो कसला ऐकतोय! "पण आजोबा, कुंभाराला हातपाय असतात, तो मरतोसुद्धा. तुमचा देवही तसाच का?"

बाबा गप्प. भाचा खूश, फार आधुनिक काहीतरी बोलल्यासारखा.

गंमत म्हणजे हाच आक्षेप कुमारिल भट्टाने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी घेतला होता. आणि तो नास्तिक नव्हे, वेद शिरोधार्य मानणारा कट्टर मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतला पंडित! त्याचा आणखी एक टोला: प्रयोजन नसताना मूर्खही काही करत नाही, मग ईश्वराने जग कशाला केलं? बाबांचा कुंभारही जुनाच, नैयायिकांचा, म्हणजे तर्काने ईश्वर सिद्ध करू पाहणाऱ्या पंडितांचा. त्यांच्यातल्या उदयनाचार्यांची आख्यायिका तर भारीच. पुरीला जगन्नाथाचं दार बंद मिळालं, तेव्हा ते म्हणे देवालाच सुनावून आले: ईश्वर न मानणारे बौद्ध वादाला आले की तुझं अस्तित्व माझ्या हातात असतं!

एवढ्यात, बोटांना दूध लावून वाती वळणारी आई मान वर न करता म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा. तोवर मी दिवा लावू का थांबू?"

दोघंही हसले. दिवा लागला. भाच्याने सवयीने हातही जोडले, मग माझ्याकडे बघून पटकन खिशात घातले.

रात्रीपासून विचार करतेय, आईने टोमणा नक्की कोणाला मारला?