लेक हाकेला वळत नव्हती तेव्हा... माझा अनुभव

आमची वाडी गुहागर तालुक्यात, मिस्टर मुंबईला कामाला, घरात मी, सासूबाई आणि लेक. लेक सव्वा वर्षाची झाली तरी एक शब्द नाही, आणि मागून हाक मारली तर कधी वळायची कधी नाही. सासूबाई म्हणायच्या, अगो तिचा बापूस पण तीन वर्षांचा होईस्तोवर गप्पच होता. एका डॉक्टरांना विचारलं तर ते पण म्हणाले, तीन वर्षं थांबा. मग मीपण थांबले.

आमच्या आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी आलेल्या, नंतर ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्याला. आधी मला वाटायचं वजन लिहायला येतात. पण १५व्या महिन्याला त्यांनी लेकीच्या पाठीमागे बसून वाटीवर चमचा वाजवला, दोनदा, तीनदा, मग माझ्याकडे बघितलं आणि माता बाल संरक्षण कार्डातली चित्रं उघडून दाखवली की या वयाला मूल काय काय करतं. "वहिनी, तीन वर्षं कशाला थांबायचं? शाळेत टीम येते तेव्हा दाखवूया." त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

आमची अंगणवाडी जिल्हा परिषद शाळेच्याच एका खोलीत भरते. तिथे आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, अंगणवाडीला वर्षातून दोनदा आणि शाळेला एकदा, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, पैसे लागत नाहीत. गणपतीनंतर आली. मॅडमनी नीट विचारलं, घरात कोण बोलतं तिच्याशी, सर्दी किती वेळा होते (पावसात तर सतत), आणि जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली.

आता तिथे जायचं म्हणजे तवसाळवरून फेरीबोटीने जयगड, मग पुढे रत्नागिरी. ऐकू येतं का ते बघायची बेरा नावाची टेस्ट मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून तिला पहाटे लवकर उठवून जागं ठेवा असं सांगितलेलं. मी चार वाजता उठवलं, आणि ती फेरीबोटीच्या गार वाऱ्यात माझ्या खांद्यावर गाढ झोपली! तिथे पोचलो तर टक्क जागी. टेस्ट झालीच नाही. मी बाहेर बाकड्यावर बसून रडले. दुसऱ्या खेपेला सासूबाई सोबत आल्या, बोटीवर पूर्ण वेळ तिला उभी धरून मासे दाखवत राहिल्या, मग तिथे पेज भरवली आणि ती झोपली.

दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. लहान मुलांत बऱ्याचदा होतं, पुष्कळदा आपोआप जातं, पण तोवर आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो, म्हणून तीन महिन्यांनी परत तपासायचं. आणि रोज करायला सांगितलं ते सोपं होतं, तिच्या समोर, तिच्या उंचीला बसून बोलायचं, मागून ओरडायचं नाही, टीव्ही बंद ठेवायचा. सासूबाईंनी हे माझ्यापेक्षा मनावर घेतलं, कोळंबी सोलताना तिला समोर घेऊन एकेक सांगायच्या, हे डोकं, ही शेपूट.

शाळेत माता-पालक गट बसतो तिथे मी हे सगळं सांगितलं. पहिलीतल्या एका मुलाची आई म्हणाली, माझा मुलगा वर्गात लक्ष देत नाही म्हणून मी त्याला मारलंय गो, त्याला पण ऐकू येत नसेल का? ती रडायला लागली. पुढच्या आठवड्यात आशाताईंबरोबर ती उपकेंद्रात गेली. कोणाच्या तरी घरी येऊन, मूल बघून, मग हात धरून पुढे नेणारं माणूस हवं, नुसता बोर्ड लावून आमच्यासारख्या बाया जात नाहीत.

तीन महिन्यांनी एक कान मोकळा झालेला, दुसऱ्यासाठी अजून एक तारीख मिळालीय. येताना फेरीबोटीचा भोंगा वाजला तशी लेक दचकून वळली आणि सासूबाईंचा पदर ओढत म्हणाली, "बो!"