तुम्ही विचारलंत म्हणून : वजन उतरल्यावर इंजेक्शन बंद करता येईल का?

सेमाग्लुटाइडसारख्या, आठवड्यातून एकदा टोचून घ्यायच्या वजन उतरवणाऱ्या औषधाची चौकशी करणारे बहुतेक जण लगेच हे विचारतात, आणि "हो, सहा महिन्यांनी" एवढेच उत्तर त्यांना हवे असते. बंद करता येते, हे खरे. पण त्यानंतर उतरलेले वजन बहुतेकांच्या बाबतीत बऱ्याच अंशी परत येते, आणि ते का येते हे रुग्णाला समजलेले नसताना पहिले इंजेक्शन लिहून देणे मला पटत नाही.

प्रौढ वयात चरबीच्या पेशींची संख्या जवळपास कायम राहते. वजन उतरते तेव्हा त्या नाहीशा होत नाहीत, आकसतात. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या रॉकफेलर विद्यापीठातील प्रयोगशाळेने चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे (हार्मोनचे) जनुक शोधून काढले आणि चरबी ही केवळ साठवण नसून मेंदूला सतत निरोप देणारा अवयव आहे, हे उलगडू लागले. पेशी आकसल्या की लेप्टिन घटते. मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. मग भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि तेवढ्याच हालचालीला शरीर कमी ऊर्जा खर्च करू लागते.

हे सारे थोड्या दिवसांत निवळते, अशी समजूत असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर बिघडलेली भुकेची संप्रेरके वर्ष उलटले तरी पूर्वपदावर आलेली नव्हती. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचे वजन पुन्हा वाढलेले होते. तरीही विश्रांतीच्या स्थितीत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. "मनावर घेतले की होते" असे सांगणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा. (सांगणाऱ्यांत डॉक्टरही पुष्कळ असतात.)

आता औषधाकडे वळू. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते आणि दोन-तीन मिनिटांत त्याचा बराचसा भाग नष्ट होतो. सेमाग्लुटाइड हे त्याच्याशी मिळतेजुळते औषध; ते रक्तात निम्मे होण्यास मात्र सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे तृप्तीचा निरोप मेंदूकडे अखंड जात राहतो. हा निरोप औषध रक्तात आहे तोवरच जातो; वजनाचे रक्षण करणारी मूळ यंत्रणा जशीच्या तशी राहते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, आणि औषध व मार्गदर्शन दोन्ही थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. रक्तदाब आणि रक्तातील साखर व चरबी यांचे सुधारलेले आकडेही बहुतांशी मागे फिरले. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब वाढला तर तिला कोणी निकामी म्हणत नाही. इथे मात्र दोष औषधाला नाही तर रुग्णाला दिला जातो.

तरीही प्रत्येकाने जन्मभर इंजेक्शन घ्यावे असे माझे म्हणणे नाही, कारण उपचार वजनकाट्यावरच्या आकड्यावर करायचा नसतो. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली ज्या विकारसमूहाकडे लक्ष वेधले, त्याला आज मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात : कमरेचा वाढलेला घेर, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी), कमी एचडीएल ("चांगले" कोलेस्टेरॉल), १३०/८५ किंवा त्याहून अधिक रक्तदाब आणि उपाशीपोटी १०० किंवा त्याहून अधिक साखर, यांपैकी कोणत्याही तीन गोष्टी. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, आडवी, कातडीत न रुतवता धरायची आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचायचा. बहुतेक जण नेमके त्या क्षणी पोट आत घेतात. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. यातले बरेच काही पाच ते दहा टक्के वजन उतरल्यानेही सुधारते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सात टक्के वजन उतरवण्याचे उद्दिष्ट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढ्यावर मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ज्यांचे एवढ्यावर भागते, त्यांना मी इंजेक्शन सुचवत नाही.

ज्यांना ते सुरू केलेले आहे आणि बंद करून पाहायचे आहे, त्यांचा डोस मी टप्प्याटप्प्याने कमी करते. उतरलेल्या वजनात स्नायूही गेलेले असतात, म्हणून वजने उचलण्याचा व्यायाम आणि आहारातील पुरेशी प्रथिने औषध चालू असतानाच अंगवळणी पडलेली हवीत. दर महिन्याला घेर मोजायचा आणि तो किती वाढल्यास पुन्हा औषध घ्यायचे, तो आकडा शेवटच्या इंजेक्शनाच्या आधीच दोघांनी मिळून कागदावर लिहून ठेवायचा. मूल हवे असेल तर मात्र निवड उरत नाही : गर्भधारणेचा प्रयत्न करण्याच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड थांबवावेच लागते.