तुम्ही विचारलंत म्हणून: हार्पर गप्प का बसला नाही?

"तो बोलला नसता तर सुवर्ण त्याचंच होतं ना?" १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये रौप्य मिळवणारा इंग्लंडचा धावपटू एर्नी हार्पर, ज्यानं शर्यतीतच प्रतिस्पर्ध्याला सल्ला दिला, त्याचं नाव काढलं की हे ठरलेलं. जोडीला टोमणा: आपला बेळगावचा चौगुले १९२० साली अँटवर्पला मॅरेथॉन धावला, तो सोडून या इंग्रजाचं काय घेऊन बसलात? चौगुल्यांबद्दल हवं तेवढं बोलेन. आज हार्पर.

हार्पर १९२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या क्रॉसकंट्रीत (माळरानावरच्या शर्यतीत) चौथा, १०,००० मीटरमध्ये पाचवा, १९२८ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये बाविसावा.

बर्लिन, ९ ऑगस्ट १९३६. हार्परला आठवड्यापूर्वीच ३४ पूर्ण झालेली. ऊन. गतविजेता, अर्जेंटिनाचा झबाला सुरुवातीपासून सुसाट. त्याच्या मागे हार्पर आणि सोन की-जंग. सोन कोरियाचा, पण देश जपानच्या ताब्यात म्हणून जपानच्या संघात. सोनला झबालाला गाठायची घाई झालेली. हार्परनं त्याला खुणेनंच थोपवलं: सावकाश, तो आपणच दमेल. एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी ते पोचलं. हे पुढे सोननंच सांगितलं. अठ्ठाविसाव्या किलोमीटरच्या आसपास दोघांनी झबालाला मागे टाकलं. थोड्या वेळानं त्यानं शर्यतच सोडली. मग सोन सुटला. हार्परच्या पायाला फोड आलेले, बूट रक्तानं भरलेला. सोन २:२९:१९, हार्पर २:३१:२३. मागून जपानच्याच संघातला दुसरा कोरियन, नाम सुंग-योंग, इतका चढत आला की आणखी १९ सेकंद गेले असते तर रौप्यही गेलं असतं.

दोन मिनिटांचं अंतर एका खुणेनं पडतं? सोन आदल्याच वर्षी २:२६:४२ धावला होता. तो काय हार्परच्या सल्ल्यावर जिंकला?

पूर्वी मी पोरांना हार्पर म्हणजे खिलाडूवृत्तीचा पुतळा म्हणून सांगायचो. आता तसं सांगवत नाही. उन्हात सोबतीला कुणी एका लयीत धावणारा असला तर त्याचाही फायदाच होता, हिशेबही असेल. यावर तो जुना मी विचारतो: हिशेबी माणूस प्रतिस्पर्ध्याला दमू देईल, की सावध करेल? इथे माझी बोलती बंद होते. आणि खरं सांगू? त्याच्या जागी मी असतो तर सोनला खुशाल पळू दिलं असतं.