तुम्ही विचारलंत म्हणून: आईबाबांना ठेवायचं ते शुश्रूषा केंद्र चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर म्हणून नोकरी झाली, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतोच. सोसायटीच्या लिफ्टमध्ये येतो, ठाण्यात तळावपाळीला फिरताना येतो, रात्री उशिरा परदेशातून फोनवर येतो. "सिस्टर, बाबांचं आता घरी होत नाही हो. घोडबंदरला एक केंद्र बघितलंय, नेरूळला एक बघितलंय. तुम्ही सांगा, कुठे ठेवू?" विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा दबलेला असतो. म्हणून आधी एवढंच सांगते, की अर्धांगवायू झालेल्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या माणसाला चोवीस तास सांभाळणं एकट्या सुनेच्या किंवा एकट्या मुलाच्या आवाक्यातलं काम नाही. रुग्णालयात त्याच कामाला तीन पाळ्यांची माणसं लागतात. तेव्हा मान खाली घालून विचारू नका.

केंद्राचं नाव मी कोणाला सुचवत नाही. माणसं बदलतात, आणि माणसं बदलली की केंद्र बदलतं. पण बघायला जाणार असाल तर कुठे बघायचं ते मात्र नक्की सांगते. तिथे ज्याला बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही, ज्याच्याकडे फारसं कोणी येत नाही, अशा माणसाकडे बघा.

तुम्ही गेलात की मॅनेजर आधी हॉल दाखवतात. टीव्ही, एसी, देवघर, बाहेर चार कुंड्या, कॅरम खेळणारे दोन आजोबा. ते आजोबा छान दिसणारच, कारण ते चालते-बोलते आहेत. हवं ते मागून घेतात. तुम्ही विनंती करा, की अंथरुणाला खिळलेल्या लोकांची खोली दाखवा. कोणाची चादर उचलू नका, कोणाचे फोटो काढू नका, तेही कोणाचे तरी आईबाप आहेत. दारात उभं राहूनही पुष्कळ दिसतं.

पहिल्यांदा टाचा बघा. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम सुरू होते, तिलाच बेडसोर म्हणतात. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, डोक्याची मागची बाजू या तिच्या ठरलेल्या जागा. सुरुवातीला नुसता लालसर डाग असतो, तो बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली नीट दिसतही नाही, म्हणून हात लावून बघावं लागतं. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते किंवा घट्ट लागते. इथे कोणी लक्ष दिलं नाही तर तीच जखम हाडापर्यंत जाते. उपाय जुनाच आहे, दर दोन तासांनी कूस बदलायची. एअर बेड चांगला, पण तो कूस बदलत नाही, आणि "आमच्याकडे सगळ्यांना एअर बेड आहे" एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका. पोटरीखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवलेल्या दिसल्या तर मला फार बरं वाटतं. ती उशी ठेवणाऱ्या बाईला कोणीतरी नीट शिकवलेलं असतं, आणि रोज ती ठेवली जाते आहे की नाही हे बघणारंही कोणीतरी असतं.

म्हणून तिथे वेळ काढून जा. अकरा वाजता जी आजी खिडकीकडे तोंड करून होती ती दीड वाजताही तशीच असेल, तर तुम्हाला कूस बदलल्याच्या नोंदींचा चार्ट बघायची गरज नाही. आणि एक प्रश्न मॅनेजरना सरळ विचारा: सध्या इथे किती जणांना बेडसोर आहे, आणि त्यातल्या किती जणांना तो इथे आल्यावर झाला? ज्यांचं काम चोख आहे ते लगेच सांगतात, की दोघांना आहे, एकाचा रुग्णालयातूनच आला होता, आता भरत आलाय, ड्रेसिंग अमुक सिस्टर करते. कोणाला धोका जास्त आहे हे आधीच मोजायची ब्रेडन स्केल नावाची पद्धत १९८७ पासून आहे. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे असतात, पाच मिनिटांचं काम. सिस्टरला तिच्याबद्दल विचारून बघा.

मग तोंड. ओठ फुटलेले, जिभेवर पांढरा थर, म्हणजे पाणी पुरेसं जात नाही आणि तोंड कोणी पुसत नाही. म्हातारपणी तहान कळेनाशी होते, त्यामुळे "मागितलं की देतो" हे उत्तर चालणार नाही. पाणी न मागता द्यावं लागतं, थोडं थोडं, दिवसभर. पेला हाताच्या अंतरावर आहे का, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर झाकून ठेवलाय, हेही बघा.

शक्यतो जेवणाच्या वेळी जा. मला विचाराल तर तो तास सगळ्यात जास्त बोलतो. भरवणारी मावशी, म्हणजे पेशंटची रोजची निगा करणारी बाई, बसून भरवते आहे का? पुढचा घास देण्याआधी आधीचा गिळला का ते बघते का? ज्यांना नाकातल्या नळीने अन्न देतात त्यांची पाठ निदान ३० ते ४५ अंश उचललेली हवी, आणि फीड संपल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी. आडवं ठेवून दिलं तर अन्न उलटून फुप्फुसात जातं, आणि तो न्यूमोनिया म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. गिळायला त्रास असलेल्या माणसाला नीट भरवायला अर्धा तास सहज लागतो. आता तुम्हीच हिशेब करा: एका मावशीकडे असे पाच जण असतील तर पाचवा किती वाजता जेवेल? जेवेल की दोन चमच्यांवर ताट उचललं जाईल? सगळ्यात शेवटी कोणाला भरवलं जातं ते थांबून बघा. महिन्याच्या वजनाची वहीही मागा. एका महिन्यात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे ५० किलोचा माणूस साडेसत्तेचाळीसवर आला, तर त्याचं कारण कोणीतरी शोधायला हवं. वहीच नसेल तर उतरलेलं कोणाच्या लक्षातही येणार नाही.

इथून गोष्ट माणसांवर येते. रात्री दोन वाजता ड्युटीवर कोण असतं, नाव सांगा, असं विचारा. "चोवीस तास स्टाफ असतो" हे पत्रकावरचं वाक्य झालं. त्या रात्री किती पेशंटमागे किती मावश्या, किती मामा (तेच काम करणारे पुरुष), आणि सिस्टर जागी असते की फोनवर? सिस्टर म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली परिचारिका. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली, पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी सिस्टर नसते. मावश्यांचं मोल मी अजिबात कमी करत नाही. उलट, सगळं केंद्र त्यांच्याच खांद्यावर उभं असतं. दिव्याहून, कळव्याहून, रबाळ्याहून बारा तासांच्या ड्युटीला येणाऱ्या या बायका. बदली आली नाही की त्याच बाईला रात्रही करायला लावतात, डबल ड्युटी. चोवीस तास जागलेल्या बाईकडून दोन तासांनी कूस बदलली जाईल अशी अपेक्षा मी तरी धरणार नाही. म्हणून मावशी किती महिन्यांपासून इथे आहे, सुट्टी मिळते का, जेवते कुठे, झोपते कुठे, हे गप्पा मारता मारता विचारून घ्या. मॅनेजर तुमच्यासमोर तिच्याशी कसं बोलतात तेही ऐका. जी बाई सतत ओरडा खाते तिच्याकडून आपल्या आईशी मऊ बोलण्याची आशा धरणं तिच्यावरही अन्याय आहे.

न्यू जर्सीहून फोन करणारा माझा भाचा विचारतो, "मावशी, रेटिंग किती आहे त्याचं?" त्याच्याकडे ते असतं. अमेरिकेत मेडिकेअरची, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याची, यंत्रणा २००८ पासून अशा केंद्रांना एक ते पाच तारे देते. सरकारी तपासणीत काय सापडलं, दर रुग्णामागे कर्मचाऱ्यांचे तास किती, आणि बेडसोर, इजा होईल असं पडणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, गुंगी आणणारी मनोविकाराची औषधं यांचं प्रमाण किती, यावर ते ठरतात. आपल्याकडे दिसतात ते गुगलवरचे तारे. ते देणाऱ्यांत चांगल्या मनाची माणसं असतात, पण त्यांतल्या अनेकांनी हॉल आणि ऑफिस यांपलीकडे काही पाहिलेलं नसतं. तारे नसले तरी भाच्याच्या देशात जे मोजतात ते प्रश्न आपल्याला विचारता येतातच.

त्यांतले शेवटचे दोन मला फार महत्त्वाचे वाटतात. कॅथेटर किती जणांना घातलाय आणि कशासाठी, हे विचारा. लघवी अडते म्हणून घातला असेल तर ठीक; डायपर बदलायचे कष्ट वाचावेत म्हणून घातला असेल तर जंतुसंसर्गाला आमंत्रण. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी आणि जमिनीला टेकलेली नको, हे दारातूनही दिसतं. दुसरं, दुपारी चार वाजता सगळी खोली गाढ झोपलेली असेल तर तिला शांतता समजू नका. स्मृतिभ्रंशाच्या माणसाची घालमेल संध्याकाळी वाढते. घरी जायचंय म्हणतात, दार वाजवतात. क्वेटियापिनसारख्या गोळ्यांनी ते गप्प होतात, पण ते गप्प होणं महाग पडतं. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात, तेव्हा ती कोणत्या डॉक्टरांनी, कधी, किती दिवसांसाठी लिहिली हे कागदावर हवं. आणि मनगटं बघा. घोडबंदर रोडच्या एका देखण्या केंद्रात, जिथे स्वागतकक्षात माशांची मोठी टाकी होती, एका आजोबांच्या दोन्ही मनगटांवर कापडाचे वळ मी पाहिले. विचारलं तर उत्तर आलं, "नळी ओढतात ना." नळी ओढणाऱ्याजवळ बसायला माणूस लागतो, तो नव्हता.

माझ्या मोठ्या नणंदेला आम्ही बेलापूरला ठेवलं होतं. इमारत जुनी, भिंतींना ओल, हॉलमध्ये दोन पंखे. वन्सं आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या, आणि संध्याकाळ झाली की "पोरं वाट बघतायत" म्हणून दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. तिथल्या मावशीने आठवडाभर हे पाहिलं आणि कोणाच्या तरी नातवाच्या जुन्या वह्या मागून आणल्या. रोज साडेपाचला ती वह्या आणि लाल पेन समोर ठेवायची, "बाई, तपासायच्या राहिल्यात." वन्सं तासभर तपासायच्या, मग जेवायच्या. गोळी लागली नाही. त्या मावशीकडे कसलं प्रमाणपत्र नव्हतं, पण तिच्यावर रात्री सहाच पेशंट होते, तिला महिन्यात चार सुट्ट्या मिळायच्या, आणि तिने सुचवलेलं ऐकून घेणारी एक सिस्टर तिथे होती.

कायद्याचं थोडक्यात. आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या जागेला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी लागते. आपल्याकडे ती महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे होते. तुम्ही बघता ते केंद्र नळी, कॅथेटर, ड्रेसिंग असलेले पेशंट घेत असेल तर हा दाखला मागा, आणि अग्निशमन दलाचा दाखलाही. चालता न येणारी माणसं तिसऱ्या मजल्यावर ठेवली असतील तर लिफ्ट बंद पडल्यावर काय करता, हेही. कागद असला म्हणजे निगा चांगली असं होत नाही, पण तो मागितल्यावर चिडणाऱ्यांपासून दूर राहा.

जागा निवडताना एक माझं ठाम मत आहे. कर्जतच्या पुढे डोंगराच्या कुशीतलं सुंदर केंद्र आणि ऐरोलीत स्टेशनजवळचं साधं केंद्र यांत निवड असेल, आणि तुम्ही ठाण्यात राहत असाल, तर ऐरोली घ्या. कामावरून येताना आठवड्यातून दोनदा उतरून जाता येईल. ज्यांच्याकडे माणसं वेळी-अवेळी येतात त्यांची कूस जरा जास्त वेळा बदलली जाते. असं व्हायला नको, पण होतं. रात्रीत दम लागला तर जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हेही बघा, आणि घोडबंदरच्या बाबतीत ते संध्याकाळच्या गर्दीत मोजा. भेटायला फक्त रविवारी चार ते सहा या, असं सांगणारं केंद्र मी सोडून देईन.

ठेवल्यावर काही खटकलं तर मावशीवर तोंड टाकू नका. तुम्ही गेल्यावर आई तिच्याच हातात असते. दिवसा, सिस्टरशी बोला, आणि तारीख घालून मॅनेजरना लिहून द्या. जखम दिसली तर फोटो काढा आणि बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा. मारहाण, बांधून ठेवणं, उपासमार असं काही असेल तर वाट न बघता हलवा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, पोलीस आहेत. हलवता यावं म्हणून डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं आणि किती दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे पहिल्याच दिवशी सही करण्याआधी वाचून घ्या.