वेबसॉकेटच्या आधी एसएसई तपासा

लाइव्ह अपडेट म्हटलं की बहुतेक जण थेट वेबसॉकेटकडे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर दोघांनाही केव्हाही बोलता येणाऱ्या जोडणीकडे वळतात. पण आधी माहिती कोणत्या दिशेने वाहते ते पाहा. नोटिफिकेशन, ऑर्डरची स्थिती, डॅशबोर्डचे आकडे हे सगळं सर्व्हरकडून ब्राउझरकडे जातं. इथे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, म्हणजे एसएसई, पुरेसं आहे. साधी एचटीटीपी विनंती उघडी राहते, कनेक्शन तुटलं तर ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडतो. प्रत्येक मेसेजला आयडी दिलात तर पुन्हा जोडताना शेवटचा आयडी लास्ट-इव्हेंट-आयडी हेडरमधून सर्व्हरकडे परत येतो. मधले मेसेज साठवून पुन्हा पाठवणं मात्र तुमच्या सर्व्हरचं काम.

स्वतःच्या संगणकावर चालतं, सर्व्हरवर टाकलं की अडतं, याचं नेहमीचं कारण एनजिनएक्स, म्हणजे तुमच्या अ‍ॅपच्या पुढे प्रॉक्सी म्हणून बसवलेला वेब सर्व्हर. तो प्रतिसाद बफरमध्ये अडवून ठेवतो आणि मेसेज एकदम गठ्ठ्याने येतात. त्या मार्गासाठी प्रॉक्सी बफरिंग बंद करा. शिवाय ६० सेकंद काहीच आलं नाही तर तो कनेक्शन तोडतो, म्हणून दर १५ सेकंदांनी कोलनने सुरू होणारी कॉमेंटची ओळ पाठवा. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका डोमेनला ६ च कनेक्शन देतो. प्रत्येक टॅब एक अडवतो, म्हणून सातवा टॅब नुसता लटकतो. एचटीटीपी २ लावा, प्रश्न मिटतो.

चॅट, गेम, एकत्र संपादन अशा दोन्हीकडून सतत बोलणाऱ्या गोष्टींना वेबसॉकेटच हवं. मात्र तिथे पुन्हा जोडणी तुम्हालाच लिहावी लागते, आणि पुन्हा जोडण्याआधी थांबण्याचा वेळ थोडा यादृच्छिक ठेवा. नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट होताच सगळे क्लायंट एकाच क्षणी त्यावर तुटून पडतात.

मिनिटभर उशीर चालणार असेल तर साधं पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारत राहणं, करा, खुशाल.