डिएंगचा बटाटा, निफाडचा पाहुणा

जावा बेटावर मंदिरं बघायला गेलो आणि निम्मा वेळ बटाट्याच्या शेतात उभा राहिलो. द्राक्षवाल्याला फिरायला नेऊन उपयोग नाही, असं बायकोचं म्हणणं.

डिएंगचं पठार २००० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून उंच. तिथल्या जुन्या शिवमंदिरांना अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावं. गावं मात्र मुसलमान शेतकऱ्यांची, आणि पोट बटाट्यावर. उतार असा, की पेठ-सुरगाण्याचा नागलीवालाही दोनदा विचार करील. त्यात सऱ्या आडव्या नाहीत, उभ्या! पाणी साचलं की बटाटा सडतो, म्हणून. मग जोराच्या पावसात माती वाहून जाते आणि कोंबडीखताच्या गोण्या ओतत बसायचं. मला नाही पटलं. पण ज्याचं घर याच हंगामावर चालतं, तो काय करणार?

जुलै-ऑगस्टच्या कोरड्या रात्री दहिवर गोठतं, पानं करपतात. निफाडला पारा घसरला की आपण बागेत शेकोट्या पेटवतो. तिथं उन्हाआधी पानांवर पाणी मारून बर्फ धुतात. आणि पर्यटक तोच बर्फ बघायला गाड्या भरून येतात!

आम्ही उतरलो त्या घरातला पोरगा पहाटे लोकांना सिकुनिर टेकडीवर सूर्योदय दाखवतो, नंतर वडिलांबरोबर फवारणी. आई कारिका, म्हणजे डोंगरी पपई, पाकात घालून बरण्या विकते. बटाट्याचा भाव व्यापारी ठरवतो, बरणीचा ती. बेदाण्याच्या शेडचं आमच्याकडे कधीचं नुसतं बोलणंच चाललंय. यंदा टाकतोच.