कार्डावरचे चार

रविवारचं अजून डोक्यातून जात नाहीये आणि आज गुरुवार. विषय इतका फालतू आहे की नवऱ्याला सांगायला गेले तर पहिल्याच वाक्याला मलाच वाटलं जाऊ दे, आणि त्याला सध्या त्याच्या ऑफिसचं पुरे आहे, ते वेगळंच, त्याबद्दल इथे नको. तर आमच्या डिस्क गोल्फच्या ग्रुपमधला देवगडकर माझी डिस्क (फ्रिस्बीसारखी प्लास्टिकची चकती, ती कमीत कमी वेळा टाकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये पाडायची, हाच खेळ) घळीतून घेऊन आला. झालं, एवढंच घडलंय. कोणी वाईट बोललं नाही, कोणाचा पाय मुरगळला नाही, उलट एक माणूस माझ्यासाठी झाडोऱ्यातून खाली उतरला, घामाघूम होऊन वर आला, आणि मी चार दिवस मनातल्या मनात त्याच्याशी भांडतेय.

आम्ही डेलाला गेलो होतो. म्हणजे डेलाव्हिएगा, सांताक्रूझचं, पण तिथे खेळणारं कोणी पूर्ण नाव घेत नाही. हायवे 17 ची ती जीवघेणी वळणं उतरून गेलं की डोंगरावरच्या त्या पार्कात एका बाजूला हिरव्यागार लॉनवाला मोठ्या लोकांचा गोल्फ आहे, आणि दुसऱ्या बाजूला आमचा, ज्यात लॉन औषधाला नाही. ओकची झाडं, उघडी मुळं, भुसभुशीत माती, आणि जिकडे बघावं तिकडे उतार. 1984 मध्ये टॉम शॉट नावाच्या माणसाने हा कोर्स आखला आणि मला खात्री आहे की त्याने बास्केट लावताना आधी सपाट जागा शोधली असणार आणि मग ती सोडून पुढच्या कड्यावर बास्केट ठोकली असणार. इथल्या मास्टर्स कप स्पर्धेत मोठमोठे प्रो पण तोंड वाकडं करून खेळताना बघितलेत मी व्हिडिओत, त्यामुळे आपलं काय.

सपाट पार्कात शिकलेलं इथे काही चालत नाही हे मला धाकट्याने आधीच सांगितलं होतं. चढावर टाकलेली डिस्क लवकर दमते आणि डावीकडे पडते, उतारावर टाकलेली पडतच नाही, तरंगत राहते, वेग घेते, आणि माझ्या त्या लेपर्ड नावाच्या डिस्कसारखी हलकी वळणारी असेल तर उजवीकडे निघून जाते ती जातेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बास्केटजवळचा खेळ. सपाटीवर हुकलं तर डिस्क दोन पावलं पुढे पडते, उचलायची, टाकायची. डेलाला हुकलं तर ती कडेवर उभी राहते आणि घरंगळायला लागते. (धाकटा असता तर म्हणाला असता, आई, थोडी वर मारायची, नाक वर ठेवून. पण तो आता सॅन डिएगोत आहे आणि फोन उचलतो तेव्हा घाईत असतो, असो.)

तर तसंच झालं. कितव्या होलला ते मुद्दाम लिहीत नाहीये. टी वरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, चांगली गेली होती, दुसरी पण बरी, बास्केटच्या वरच्या अंगाला जेमतेम सहा मीटरवर. सहा मीटर म्हणजे मी घरामागे डोळे मिटून टाकते. एव्हिअर, म्हणजे माझी जवळून टाकायची डिस्क, हातात घेतली, टाकली, बास्केटच्या कडेला टण्णकन लागली, उभी राहिली, आणि निघाली. आधी हळू. आपल्याला वाटतं थांबेल. मग एका मुळावरून उडी मारून तिने जो वेग घेतला तो थेट घळीत, खाली पाचोळ्यात काहीतरी खसफसलं आणि शांत.

मी बॅग खाली ठेवली. मला आठवतंय, मला त्या क्षणी चक्क मजा वाटत होती. खाली कुठून उतरायचं ते मी बघायला पण लागले होते. आणि तेवढ्यात मागून, "वहिनी, तुम्ही थांबा थांबा, मी आणतो." मी नको म्हणेपर्यंत हा खाली. ग्रुपमधला डॉक्टर ओरडला, अरे तिथे पॉइझन ओक आहे (अंगाला लागलं की फोड उठवणारं झुडूप), लाल पानं दिसतायत बघ, तर खालून उत्तर, "आम्ही कोकणातले, काजूच्या चिकात वाढलोय, आम्हाला काही होत नाही!" पाच मिनिटांनी डिस्क घेऊन वर आला, स्वतःच्या टीशर्टला पुसली, बास्केटच्या बाजूला माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "टाका. चार."

मी टाकली. साखळ्या वाजल्या. कार्डावर चार.

आता याच्यात राग येण्यासारखं काय आहे? हेच मी स्वतःला विचारतेय. पहिल्या रात्री वाटलं नियमाचं असेल. कारण या खेळाचा एकच खरा नियम आहे, डिस्क पडेल तिथून पुढची टाकायची. डिस्कच्या मागे 20 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर लांब एवढी जागा तुमची, साधारण ए-फोर कागदाएवढी, टाकताना एक पाय त्याच्यात हवा. मग ती जागा कुठेही असो. माझा तो कागद घळीत होता आणि माझ्या वतीने कोणीतरी तो उचलून आणला. पण खरं सांगू का, मी नियमाची बाई नाही. आम्ही काय स्पर्धा खेळतो का, डॉक्टर तर दर दुसऱ्या होलला "हा धरू नका" म्हणतो.

मग वाटलं बाई म्हणून. ते पण थोडं असेलच. पण ग्रुपमध्ये अजून दोघीजणी आहेत, त्यांच्यातल्या एकीची डिस्क तासाभरापूर्वी झाडावर अडकली तर तिला सगळ्यांनी दगड मारायला लावले होते.

काल रात्री कळलं. किंवा अर्धं कळलं. डॉक्टरची त्याच दिवशी, त्याच्या आधी दोन होल, अशीच घरंगळत गेली होती. तेव्हा काय झालं होतं? सगळे कडेला रांगेत उभे राहिले होते. देवगडकरने क्रिकेटच्या मॅचसारखी कॉमेंट्री केली होती. डॉक्टरने खालून पहिली टाकली ती झाडाला लागून त्याच्याच पायाशी, दुसरी वर आली आणि परत खाली गेली, आणि आम्ही हसून हसून खाली बसलो होतो, मी पण. शेवटी नऊ झाले त्याचे. नऊ! आणि तो वर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला कोणी हसलं नाही.

माझी डिस्क घळीत गेली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. ती शांतता आठवली की अजून पोटात कसंतरी होतं. तीच शांतता जी जानेवारीनंतर सगळीकडे आहे, मी खोलीत आले की विषय बदलतो, मी जिना चढले की कोणीतरी मागे बघतं. रिपोर्ट नॉर्मल आहेत, मार्चपासून नॉर्मल आहेत, सगळ्यांना सांगून झालंय. आई अजून रोज व्हिडिओ कॉलवर पहिलं वाक्य "दमलीस का" हेच विचारते. मी नाही दमले. मी डेला पूर्ण खेळले, सगळे चढ. पण माझ्या कार्डावर जे लिहिलंय ते एका अशा बाईचं आहे जिला घळीत उतरू द्यायचं नसतं, आणि मग बाकीचे आकडे पण संशयास्पद वाटायला लागतात, की यातले किती माझे आणि किती असेच कोणी आणून दिलेले.

सत्तावीसाव्या होलला तेच झालं. टॉप ऑफ द वर्ल्ड. ज्याच्यासाठी लोक लांबून येतात, तिथे टी वर उभं राहिलं की खाली झाडांचे शेंडे आणि त्यांच्या पलीकडे सगळा मॉन्टरे बे, आणि रविवारी धुकं पण नव्हतं, पाणी लख्ख दिसत होतं. तिथून टाकलेली डिस्क इतका वेळ हवेत राहते की टाकणाऱ्याला स्वतःचा श्वास ऐकू येतो. मी टाकली, बरी गेली, सरळ गेली. आणि मागून तिघं एकदम, "व्वा वहिनी, व्वा!" इतक्या जोरात, इतकं कौतुकाने, की नाटकातल्या लहान मुलीला देतात तशी टाळी. बरी होती हो, पण व्वा नव्हती.

परत येताना गाडीत मी उगाच एड हेडरिकचा विचार करत होते. साखळ्यांची बास्केट त्याचीच कल्पना, 1975 मध्ये लॉस एंजेलिसजवळ पहिला कोर्स त्याचा, त्याच्या आधी लोक झाडावर आणि दिव्याच्या खांबावर नेम धरायचे. म्हातारपणी तो इथेच राहायचा, ला सेल्व्हा बीचला, डेलापासून थोड्याच अंतरावर, आणि 2002 मध्ये गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. खरंच. आता त्यातली एखादी जर कोणी डेलाला टाकली आणि ती घरंगळली, तर काय करायचं? "थांबा थांबा, मी आणतो"? मला वाटतं त्या माणसाला घळीतच आवडेल. हा काही फार ग्रेट विचार नाही, पण घाट चढताना मला याचं हसू आलं आणि नवऱ्याला वाटलं मी बरी आहे.

आता मंगळवारचं सांगते. मंगळवारी ग्रुपवर फोटो आला, देवगडकरच्या बायकोने टाकलेला. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, फोड, आणि एक डोळा सुजून बंद. खाली तिने लिहिलेलं, "कोकणातले." बस, एक शब्द.

मला आधी वाईट वाटलं, मग लगेच त्याच्यामागून एक फार नीच आनंद झाला, मग त्याचं वाईट वाटलं. फोन करावाच लागणार होता, पण माझं म्हणणं असं की ज्याच्यावर आपण चिडलोय त्याला आभाराचा फोन करायला लागणं हा वेगळा अन्याय आहे, त्यामुळे तो मी बुधवारवर ढकलला. आणि बुधवारी सकाळी माझ्याच बोटांच्या बेचक्यात खाज. दुपारपर्यंत दोन फोड, मनगटावर एक पट्टा. मी तर खाली उतरले पण नव्हते! मग लक्षात आलं, डिस्क. पॉइझन ओकचं ते तेल पानावरून कशालाही चिकटतं, कपडे, बूट, प्लास्टिक, आणि धुतलं नाही तर तिथेच बसून राहतं. ती एव्हिअर त्याने टीशर्टला पुसली म्हणजे त्याने फक्त ते नीट पसरवलं होतं, आणि मी ती डिस्क संध्याकाळभर हातात फिरवत बसले होते, चार का चार का करत.

आईला कॉलवर हात दाखवला तर म्हणाली, अगं हे तर बिब्बा उतल्यासारखं दिसतंय, खोबरेल लाव. आणि गंमत म्हणजे आईचं बरोबर निघालं, मी नंतर वाचलं, बिब्बा, काजू, आंबा आणि हे पॉइझन ओक सगळे एकाच कुळातले. म्हणजे देवगडकर ज्या चिकाच्या जोरावर खाली उतरला तो त्याच्या बाजूचा नव्हताच कधी. "दमलीस का" मात्र काल आईने विचारलं नाही, खोबरेलातच राहिली.

मग केला फोन. तो आधीपासूनच हसत होता, म्हणाला, "वहिनी, तुमची डिस्क आणायला गेलो त्याचं हे बक्षीस." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सांगितलं होतं का तुम्हाला?" जरा जास्तच कडक निघालं. पलीकडे गप्प. मग म्हणाला, "नाही. ते खरंय. डॉक्टरची काय मी मेलो तरी आणली नसती." मी म्हटलं, मग माझी का? "अहो ते... निघताना ही म्हणाली होती जरा बघा म्हणून, जानेवारीचं ते..." आणि तिथे त्याने सोडलं आणि मी पण सोडलं. मग मी त्याला सांगितलं की मला पण उठलंय, मनगटावर, आणि तो इतका खूश झाला की विचारू नका. कुठे, किती, पाणी येतंय का, रात्री खाज वाढते ना? वीस मिनिटं आम्ही फोडांवर बोललो. इतक्या महिन्यांत माझ्या तब्येतीबद्दल कोणी इतक्या निर्लज्ज उत्सुकतेने विचारलं नव्हतं.

रात्री मी यूडिस्क, म्हणजे आमचं स्कोअर लिहायचं ॲप, उघडून ते कार्ड एडिट केलं. चारचे सहा केले. हिशोब असा की घळीतून एक वर, आणि एक आत, तीन अधिक... बरं, सहा तरी धरा, एक झाडाला लागलीच असती. ग्रुपवर टाकलं, करेक्शन केलंय, कृपया नोंद घ्यावी.

दोन मिनिटांत डॉक्टर, "सहा?? त्या घळीतून? वहिनी, मी नऊ घेऊन आलोय, तुम्ही सहा?" देवगडकर एका डोळ्याने टाइप करत, "मी खाली जाऊन आलोय, साक्षीदार आहे, वर टाकायला फट पण नाही, आठ लिहा." त्याची बायको, "आठ कसले दहा." कोणीतरी माझ्या नावाने पाचोळ्यात रांगणाऱ्या माणसाचा जिफ टाकला. नवरा शेजारी बसून वाचत होता, त्याने माझ्या बाजूने काही लिहावं तर त्याने पण आठला अंगठा दिला.

अजून चालू आहे. मी सातपर्यंत यायला तयार आहे, त्याच्या वर एक पण घेणार नाही, आणि ज्याला पटत नसेल त्याने हातमोजे घालून मला तिथे उभं करून दाखवावं.